आवडतं गाणं नुसतं पाठवू नका, सोबत बसून ऐकवा (कसं ते सांगते)

सकाळी फोन हातात घेतला की फॅमिली ग्रुपवर एकतरी गाण्याची लिंक असतेच. "नक्की ऐका", "शेवटपर्यंत ऐका", "डोळ्यात पाणी आलं", आणि खाली हात जोडलेले इमोजी. आता खरं सांगा, यातल्या किती उघडता तुम्ही? मी अंगठा दाखवते आणि पुढे जाते, आणि मी पाठवलेल्या लिंकांचंही लोक तेच करत असणार याची मला खात्री आहे. पण तेच गाणं त्याच माणसाने गाडीत शेजारी बसून "थांब थांब, आता बघ काय येतंय" म्हणत लावलं तर आपण कान टवकारतो, आणि पुढे ते गाणं कुठेही लागलं, अगदी रिक्षात जरी लागलं, तरी आधी तो माणूसच आठवतो.

म्हणजे गाण्यामुळे माणसं जवळ येतात हे खरंच आहे, पण लिंक टाकली की झालं असं ते नसतं. माझं म्हणणं एवढंच की आधी समोरच्याचं गाणं मागून घ्या, मग आपलं द्या, आणि दोन्ही वेळेला जमेल तितकं एकत्र बसून ऐका. खाली जे काही लिहिलंय तो सगळा याचाच तपशील आहे, आणि तपशिलातच लोक घोळ घालतात म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

पूर्वी हे कुणाला सांगावं लागायचं नाही कारण रेडिओच घरात एक, नाहीतर अख्ख्या आळीत एक. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं, गदिमांचे (ग. दि. माडगूळकर) शब्द आणि बाबूजींचं (सुधीर फडके) संगीत, दर आठवड्याला एक नवं गाणं असं करत वर्षभरात, त्या वर्षीचा अधिक महिना धरून, ५६ गाणी झाली, आणि ज्यांच्याकडे रेडिओ नव्हता ते शेजाऱ्याच्या ओसरीवर येऊन बसायचे. रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची गीतमाला होती, हिंदी सिनेमाच्या गाण्यांची, १९५२ पासून, बुधवारी रात्री ८ वाजता, आणि त्या वेळेला बाहेरची कामं उरकून माणसं घरी यायची. शिवाय फर्माईशीचे कार्यक्रम होते, त्यात गाण्याच्या आधी भली मोठी नावांची यादी वाचली जायची, आणि झारखंडातलं झुमरी तलैया नकाशात कुठे आहे हे कुणाला सांगता आलं नसतं तरी ते नाव महाराष्ट्रातल्या घराघरात माहीत होतं, निव्वळ तिथून येणाऱ्या फर्माईशींमुळे. मग कॅसेटी आल्या. तेव्हा "कॅसेट भरून घेणे" हे एक कामच असायचं, कोरी कॅसेट आणि कागदावर गाण्यांची यादी दुकानदाराला द्यायची, कॅसेट साठ मिनिटांची असेल तर एका बाजूला तीस मिनिटं म्हणजे सहा-सात गाणी, त्यामुळे कुठलं ठेवायचं कुठलं उडवायचं यावर दोन-दोन दिवस खल चालायचा. आणि कॅसेट दुसऱ्या कुणासाठी असेल तर तो सगळा वेळ आपण त्या माणसाचाच विचार करत असायचो. तीनशे गाण्यांची प्लेलिस्ट पाठवणाऱ्याने असा विचार केलेला नसतो आणि घेणाऱ्यालाही ते बरोबर कळतं.

जुनं ते सोनं वगैरे म्हणायचं नाहीये मला, पेन्सिल घालून रीळ गुंडाळण्यात काही मजा नव्हती, आणि आज मध्यरात्री आठवलेलं गाणं अर्ध्या मिनिटात सापडतं याचा मला आनंदच आहे. फक्त पूर्वी एकत्र ऐकणं आपोआप व्हायचं, आता इयरफोनमुळे ते ठरवून करावं लागतं.

आधी मागा

"तुमचं आवडतं गाणं कोणतं?" असं विचारू नका. हा प्रश्न ऐकून माणूस एकदम ब्लँक होतो, नाहीतर चारचौघात शोभेल असं काहीतरी उत्तर देतो, एखादं भजन, एखादं नाट्यपद, ज्यावर कुणी काही बोलणार नाही. प्रश्न बारीक विचारायचा. पहिली कॅसेट कुठली विकत घेतली होती? लग्नात बँडवाल्याने काय वाजवलं होतं? होस्टेलवर शेजारच्या खोलीतून सारखं काय ऐकू यायचं? एसटीने गावाला जाताना ड्रायव्हर काय लावायचा? असं विचारलं की गाण्याआधी जागा आठवते, मग माणसं आठवतात, आणि गाणं मागून चालत येतं.

आणि वयाचा हिशोब करा. माणसाला आयुष्यातली सगळ्यात ठसठशीत आठवण राहते ती साधारण दहा ते तीस या वयातली, मानसशास्त्रात हे बऱ्याच अभ्यासांत दिसून आलंय, आणि गाण्यांच्या बाबतीत तर तेरा-चौदापासून विशी-बाविशीपर्यंतचा काळ फार पक्का बसलेला असतो. म्हणजे तुमचे काका १९५० चे असतील तर १९६४ ते ७२ मधली गाणी काढा, मावशी १९७५ ची असेल तर नव्वदचं दशक, नदीम-श्रवण, आनंद-मिलिंद, मग रेहमान. लोक काय करतात, घरात म्हातारं माणूस दिसलं की सरसकट "जुनी गाणी" लावून देतात, पार सैगलपासून. अहो, आज पंचाहत्तरीला असलेला माणूस कॉलेजात होता तेव्हा किशोरकुमार आणि आरडी ऐन भरात होते, त्याला सैगल म्हणजे त्याच्या वडिलांचं गाणं!

आमच्या सासऱ्यांचं सांगते. अप्पा म्हणजे अत्यंत मितभाषी माणूस, साखर कारखान्यातली नोकरी, कडक शिस्त, जेवताना बोलायचं नाही, आणि त्यांना गाण्यातलं काही आवडतं असं घरात कुणाला माहीतच नव्हतं. एकदा लाईट गेलेली, पंखा बंद, सगळे बाहेर व्हरांड्यात बसलो होतो, तेव्हा मी सहज विचारलं की अप्पा, तुमच्या गावात सिनेमा कुठे बघायचात? तर म्हणाले टुरिंग टॉकीज यायची, कापणी झाली की. आणि खेळ सुरू व्हायच्या आधी तंबूवरच्या भोंग्यावर रेकॉर्डी लावायचे, रोज त्याच, त्यामुळे कितवी रेकॉर्ड वाजतेय त्यावरून घरी बसून कळायचं की अजून जेवायला वेळ आहे का पळत सुटायचं. मग मी विचारलं कुठल्या रेकॉर्डी? थोडा वेळ काहीच बोलले नाहीत आणि मग हळूच म्हणाले, "सुलोचना चव्हाण." आमच्या सासूबाईंनी मान वळवून बघितलं त्यांच्याकडे. मी फोनवर शोधून लावणी लावली, आवाज बारीकच ठेवला, आणि अप्पांचं बोट खुर्चीच्या दांडीवर ठेका धरायला लागलं, बरोबर समेवर पडत होतं. दुसऱ्या कडव्याला म्हणाले की थोरल्या भावाच्या खांद्यावर बसून ऐकायचो, त्याला तिकिटाचे पैसे नसले की तो तंबूबाहेर उभा राहायचा आणि मला आत सोडायचा. हा भाऊ गेला त्याला कितीतरी वर्षं झालीत आणि त्याच्याबद्दल अप्पा असं काही बोलल्याचं माझ्या नवऱ्यानेही कधी ऐकलेलं नव्हतं.

हे "तुमचं आवडतं गाणं कोणतं" विचारून निघालं नसतं.

मग आपलं द्यायचं, पण कुठलं?

इथे एक गंमत लक्षात घ्या. तुम्हाला एखाद्या गाण्यात जिथे काटा येतो तिथे समोरच्याला येत नाही, आणि मग आपल्याला वाटतं याला काही कळतच नाही. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात २०११ साली झालेल्या अभ्यासात असं दिसलं की ती काटा आणणारी जागा यायच्या आधी, ती येणार आहे म्हणून आपण वाट बघतो ना, तेव्हाच मेंदूत डोपामिन, म्हणजे सुखाशी जोडलेलं एक रसायन, सुटायला सुरुवात होते. आता वाट बघायची तर जागा माहीत पाहिजे. तुम्ही ते गाणं शंभरदा ऐकलंय, तुम्हाला माहितीय की तिसऱ्या ओळीनंतर सारंगी येणार आहे, त्या बिचाऱ्याला काहीच माहीत नाही, तो पहिल्यांदा ऐकतोय. तेव्हा एक तर ती एक जागा आधी सांगून ठेवा, आणि दुसरं म्हणजे पहिल्या ऐकण्यावरून काहीही ठरवू नका. आठवडाभराने पुन्हा, सहज, काही न सांगता तेच गाणं लावा. दुसऱ्या वेळेला बऱ्याचदा समोरूनच येतं, "अरे हे ते त्या दिवशीचं ना?"

पहिलं गाणं छोटं असू दे. शास्त्रीय ऐकणारी मंडळी इथे हमखास घाई करतात, त्यांना वाटतं आपल्याला जो पन्नास मिनिटांचा बडा ख्याल आवडतो तोच थेट समोरच्यावर सोडावा, आणि संथ चालीच्या विलंबिताच्या दहाव्या मिनिटाला तो बिचारा घड्याळ बघायला लागतो. त्यापेक्षा ७८ आरपीएमच्या जुन्या तबकड्यांचं रेकॉर्डिंग ऐकवा. त्या तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटंच मावायची, त्यामुळे अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्या गवयालाही सगळं तेवढ्यातच मांडावं लागलं, आणि नव्या कानाला ते फार बरं पडतं. आवाज खरखरतो, पण तेही सांगून टाका आधीच की शंभर वर्षांच्या आसपासचं आहे, मग खरखर त्रास देत नाही, उलट लोक अजून कान देऊन ऐकतात.

आणि तुमचं सगळ्यात जवळचं गाणं पहिल्या दिवशी बाहेर काढू नका. खरंच नका काढू. त्या गाण्यात समोरच्याने जांभई दिली किंवा मध्येच "चहा टाकू का?" विचारलं तर तुम्हाला जे लागेल ते त्याला कळणारही नाही आणि तुम्हाला सांगताही येणार नाही. दुसऱ्या-तिसऱ्या नंबरच्या गाण्यापासून सुरू करा, नीट ऐकणारा माणूस आहे असं दिसलं की मग एक नंबर.

निवडताना "हे किती भारी आहे" हा विचार बाजूला ठेवून "हे याला का द्यायचं" एवढंच बघा. मित्राची नोकरी गेलीय, त्याला जिद्दीची गाणी पाठवू नका, लोक तेच करतात, आणि तो बिचारा आधीच जिद्दीला कंटाळलेला असतो. त्याच्यासोबत कॉलेजात जे ऐकायचात ते लावा, त्याला आठवू दे की तुम्ही त्याला नोकरीच्या आधीपासून ओळखता.

किती बोलायचं

गाण्याआधी दोन वाक्यं, बास. एक वाक्य तुमचं (हे मी पहिल्यांदा कुठे ऐकलं) आणि एक गाण्याचं (ती सारंगी, तो ठेका बदलतो ती जागा). राग कुठला, संगीतकाराने आधी कुणासाठी चाल बांधली होती, सिनेमा का पडला, हे सगळं नंतर आणि विचारलं तरच. गाणं चालू असताना तर एक अक्षर नको. आमच्या ओळखीत एक गृहस्थ आहेत, माणूस सोन्यासारखा, ज्ञान अफाट, पण प्रत्येक तानेनंतर पॉझ करून ती तान कशी घेतली हे सांगतात, आणि त्यांच्याकडे गाणं ऐकायला बोलावलं की लोकांना अचानक कामं आठवतात.

"रडू येईल बघ" असंही सांगू नये, कारण मग समोरचा गाणं ऐकायचं सोडून आपल्याला रडू येतंय का ते तपासत बसतो. मराठी न कळणारा मित्र असेल, ऑफिसमधला तमिळ म्हणा बंगाली म्हणा, तर ओळीओळीचं भाषांतर नको, मुखड्याचा अर्थ एका वाक्यात सांगा आणि सोडून द्या, सूर त्याला कळतातच. आणि बदल्यात त्याच्या भाषेतलं एक मागा. ऑफिसच्या डब्याच्या टेबलावर आमच्याकडे असंच सुरू झालं आणि आता मला इळयराजांची गाणी शब्द न कळता तोंडपाठ आहेत.

ऐकताना

समोरासमोर बसू नका. समोरासमोर बसलं की समोरच्याला चेहऱ्यावर काहीतरी दाखवावं लागतं, मान डोलवावी लागते, आणि त्या दाखवण्यातच गाणं संपतं. शेजारी-शेजारी बसा. म्हणूनच गाडी ही गाणं ऐकवायला एक नंबर जागा, दोघेही रस्त्याकडे बघताय, कुणीच कुणाला तपासत नाहीये, आणि मध्येच उठून जायची सोयही नाही. गाडी नसेल तर भांडी घासताना, शेंगा सोलताना, गच्चीवर. हाताला काम असलं की कान मोकळे राहतात.

बाकी तयारी बारीकसारीक आहे पण नाही केली तर रंगाचा बेरंग होतो. फोन तुमचाच असेल तर नोटिफिकेशन बंद करा. यूट्यूबवर लावणार असाल तर आधीच एकदा चालू करून जाहिरात संपवून पॉझ करून ठेवा, नाहीतर तुम्ही "ऐक हं" म्हणता आणि वर सिमेंटची जाहिरात सुरू होते. ऑटोप्ले बंद करा, कारण गाणं संपल्यावरची जी पाच-दहा सेकंदं असतात ना ती फार महत्त्वाची, तेव्हाच माणूस काहीतरी बोलायला तोंड उघडतो, आणि तेवढ्यात पुढचं ढँण्ढँण सुरू झालं की तो गप्प बसतो. गाणं संपल्यावर तुम्हीही लगेच "कसं वाटलं?" विचारू नका. थांबा जरा. कुणी काही बोललं नाही तरी चालतं.

त्यांचं गाणं आपल्याला आवडलं नाही तर

होणारच. माझी मुलगी सध्या कोरियन बँड ऐकते, सात मुलं, सगळ्यांचे केस वेगवेगळ्या रंगाचे, आणि मला पहिल्यांदा तर सगळे एकच वाटले. तिने एक दिवस इयरफोनचं एक टोक माझ्या कानात घातलं आणि दुसरं स्वतःच्या, आणि वायर आखूड असल्यामुळे डोक्याला डोकं लावून बसावं लागलं (वायरवाले इयरफोन घरात असू द्या, ब्लूटूथवाल्यांत ही मजा नाही). अशा वेळी आवडल्याचं नाटक करू नका, पोरांना लगेच कळतं. आणि "आमच्या वेळी" हे दोन शब्द तर तोंडातून जाऊच देऊ नका. एक खराखुरा प्रश्न विचारा. मी विचारलं की हा मधला जो बोलल्यासारखं गातोय तो काय म्हणतोय? तर तिने सांगितलं की तो म्हणतोय सगळ्यांना वाटतं मी खूश आहे. आणि मग बराच वेळ ती तिच्या वर्गातल्या एका मैत्रिणीबद्दल बोलत राहिली, निदान मैत्रिणीबद्दल आहे असं ती म्हणाली, मीही जास्त खोदून विचारलं नाही. गाणं मला अजूनही फारसं आवडत नाही. पण आता नवीन गाणं आलं की ती मला ऐकवायला येते, आणि मला तेवढं पुरे आहे.

उलट बाजूने, तुमचं गाणं त्यांना आवडलं नाही तर "बरं, तू सांग मग" म्हणायचं आणि फोन त्यांच्या हातात द्यायचा. पटवून द्यायला जाऊ नका. दोन दिवसांनी "ऐकलंस का, ऐकलंस का" असा तगादाही लावू नका, गाणं पाठवलंय, उधारी नाही दिलेली.

चार-सहा जणांची बैठक

हे करून बघाच, खर्च शून्य. पाच-सहा जण पुरेत, दहाच्या वर गेलात की गप्पांचा फड होतो. प्रत्येकाने एकच गाणं आणायचं, जास्तीत जास्त सहा मिनिटांचं, आणि का आणलं ते दोन वाक्यांत सांगायचं. विषय दिला तर लोकांना सोपं जातं: आईकडून किंवा आजीकडून आलेलं गाणं, प्रवासात ऐकलेलं, पावसाचं, किंवा "मला हे आवडतं हे सांगायला लाज वाटते" असं गाणं, या शेवटच्या विषयाला सगळ्यात जास्त मजा येते आणि लोक सगळ्यात लवकर मोकळे होतात. फोन एकाच माणसाकडे, स्पीकर खोलीच्या मध्यावर, चिठ्ठ्या टाकून क्रम. स्किप नाही, कुणाच्या गाण्याला नावं ठेवायची नाहीत, शूटिंग तर अजिबात नाही. खायला साधंच ठेवा, भेळ नको, कुरकुर ऐकू येते (हसू नका, अनुभव आहे). अंताक्षरी वेगळी, तिथे जिंकायचं असतं आणि माणूस गाणं नीट ऐकतच नाही, अक्षर शोधत बसतो.

शेवटी मात्र सगळ्यांना येणारं एखादं गाणं एकत्र म्हणा. २०१५ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी मोठ्या माणसांच्या वर्गांवरचा एक अभ्यास छापला होता, काही वर्ग गाण्याचे, काही हस्तकलेचे, काही लेखनाचे, आणि सात महिन्यांनी बघितलं तर जवळीक सगळ्याच वर्गांत झालेली होती, पण गाणाऱ्यांचं सूत फार लवकर जुळलं होतं. आपल्याला हे गणपतीत दरवर्षी दिसतं. ज्या शेजाऱ्याशी पार्किंगवरून वर्षभर धुसफूस चालू असते त्याच्याच शेजारी उभं राहून आपण टाळ्या वाजवत घसा ताणून आरती म्हणतो, कोण बेसूर कोण सुरात याचा विचार कुणी करत नाही, आणि कोकणात तर एकामागून एक आरत्या संपतच नाहीत, झांजा वाजवून हात दुखले तरी पोरं थांबत नाहीत. वारीत तेच, दिंडीत कुठल्या कुठल्या गावची माणसं पण अभंग सगळ्यांना पाठ, टाळ एका वेळेला पडतो आणि पाऊलही. तेव्हा तुमच्या बैठकीत गाता येणारं कुणी नाही म्हणून लाजू नका. फक्त रात्री दहाच्या आत उरका, वरच्या मजल्यावर लहान बाळ असतं कुणाचं तरी.

लांब असलेल्यांसाठी

पोरं परदेशात, मैत्रिणी परगावी, मग एकत्र कसं ऐकायचं? पहिली गोष्ट, व्हिडिओ कॉलवर फोन स्पीकरसमोर धरून गाणं ऐकवू नका. ही कॉलवाली ॲप्स माणसाचा आवाज ठेवून बाकीचं सगळं गोंगाट समजून कापून टाकतात, त्यामुळे समोर नुसतं गुरगुर ऐकू येतं आणि तो बिचारा "छान छान" म्हणत राहतो. त्यापेक्षा दोघांनी आपापल्या ठिकाणी तेच गाणं उघडायचं, कॉल चालू ठेवायचा, एक-दोन-तीन म्हणायचं आणि एकदम प्ले दाबायचं, कॉल म्यूट. अर्ध्या सेकंदाचा फरक पडतो, पडू दे. गाणं संपलं की म्यूट काढायचं. माझी शाळेतली मैत्रीण न्यू जर्सीला असते, तिच्याकडे उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे आणि थंडीत साडेदहा, म्हणजे माझा रविवार सकाळचा चहा आणि तिची शनिवारची रात्र, त्या वेळेत दोन गाणी होतात, एक तिचं एक माझं. पूर्वी आम्ही तासभर बोलायचो आणि शेवटी भाज्यांच्या भावावर यायचो. आता कमी बोलतो पण कामाचं बोलतो.

वेळा जुळतच नसतील तर लिंकसोबत वीस-तीस सेकंदांचा व्हॉइस मेसेज टाका, टाईप नको, तुमच्या आवाजात. "हे काल भाजी आणायला जाताना ऐकलं आणि तू हॉस्टेलच्या जिन्यात हे म्हणायचीस ते आठवलं" एवढं ऐकल्यावर ती लिंक उघडली जातेच. लिंक एकालाच पाठवा, पन्नास जणांच्या ग्रुपवर टाकलेलं गाणं कुणाचंच नसतं. मोठ्या माणसांना यूट्यूबची लिंक द्या, बाकी ॲप्स लॉगिन मागतात आणि ते तिथेच सोडून देतात. एक तासाच्या मैफलीतला एकच तुकडा दाखवायचा असेल तर कॉम्प्युटरवर यूट्यूब व्हिडिओवर राइट क्लिक करून चालू वेळेची लिंक कॉपी करता येते, ती पाठवा, थेट त्याच जागेवर उघडते. आणि दोघांची मिळून एक प्लेलिस्ट करायची असेल, स्पॉटिफायवर वगैरे जमतं ते, तर प्रत्येकाने आठवड्याला एकच गाणं टाकायचं असं ठरवून घ्या. जुन्या साठ मिनिटांच्या कॅसेटसारखी मर्यादा घाला म्हणजे विचार करून टाकलं जातं.

थोडं जपून

गेलेल्या माणसाचं गाणं विचारल्याशिवाय लावू नका. तुम्हाला वाटतं तिच्या वडिलांचं आवडतं गाणं लावून तिला बरं वाटेल, आणि तिला त्या दिवशी नेमकं ते सहन होणार नसतं. "लावू का?" एवढंच विचारायचं, नको म्हणाली तर विषय संपला. पुढे कधीतरी तीच म्हणेल लाव.

घरात विसरभोळेपणाच्या पलीकडे गेलेलं, माणसं न ओळखणारं कुणी असेल तर गाणं जरूर लावून बघा, कारण नावं-गावं गेली तरी तरुणपणची गाणी बऱ्याच जणांत मागे टिकून राहिलेली असतात, कधीकधी अख्खं कडवं म्हणतात. पण आवाज कमी, एका वेळी एकच गाणं, टीव्ही बंद, आणि अस्वस्थ वाटायला लागले, हात झटकायला लागले तर ताबडतोब बंद. "ओळखलं का कुणाचं गाणं आहे?" अशी परीक्षा घेऊ नका. सोबत गुणगुणा, हात हातात घेऊन ठेका धरा.

शेवटचं काम कंटाळवाणं आहे पण करा: यादी लिहून ठेवा, वहीत. लिंका मरतात, व्हिडिओ उडवले जातात, ॲप बंद पडतं, फोन बदलतो. गाण्याची पहिली ओळ, कुणी गायलं, आणि कुणी ऐकवलं, एवढे तीन रकाने पुरेत. आमच्या वहीत अप्पांच्या नावासमोर आता अकरा लावण्या झाल्यात आणि सासूबाईंचं म्हणणं आहे की त्यांच्याही नावाचं पान वेगळं पाहिजे.